बारावीनंतरचा प्रवेश : पसंतीक्रमाची यादी भरण्याआधी

गोदातीर (धागाकर्ता)

नमस्कार.

नाशिकमधील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. निवृत्त झाल्यावरही दर वर्षी जून उजाडला की अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी शाखांच्या प्रवेशाचे कागद घेऊन मुले आणि त्यांचे आईवडील माझ्याकडे येतात, आणि दर वर्षी मला त्याच गोष्टीचे वाईट वाटते. ज्या मुलाने दोन वर्षे पहाटे उठून अभ्यास केला, त्याचा पसंतीक्रमाचा अर्ज दुसऱ्याच कोणीतरी अर्ध्या तासात भरलेला असतो. म्हणून यंदा निकालाची वाट न पाहता आत्ताच हा धागा काढत आहे. अकरावीतल्या मुलांनीही तो वाचावा अशी माझी विनंती आहे, कारण यातली बरीचशी कामे बारावीच्या परीक्षेआधीच उरकायची असतात.

गेल्या पावसाळ्यात पंचवटीतला एक मुलगा आईला घेऊन आला. त्याला नाशिकमध्येच राहून इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन शिकायचे होते आणि त्यासाठी पुरेसे पर्सेंटाइलही होते. अर्ज भरून देणाऱ्या माणसाने मात्र मागच्या वर्षीचे कटऑफ काढले, ते वरपासून खाली लावले आणि त्याच क्रमाने यादी भरून टाकली. पहिल्या क्रमांकावर दूरच्या एका शहरातले, मुलाने नावही न ऐकलेले महाविद्यालय आणि त्याला अजिबात न आवडणारी शाखा होती. त्या शाखेचा कटऑफ त्या वर्षी खाली आला आणि पहिल्याच फेरीत तीच जागा त्याच्या नावावर लागली. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप कायम होते आणि ती नाकारली तर पुढच्या केंद्रीभूत फेऱ्यांत भाग घेता येत नाही. त्याची मनातली जागा यादीत चौथ्या क्रमांकावर होती, आणि फेरीनंतरचे कटऑफ पाहिल्यावर कळले की ती त्याला सहज मिळाली असती. ती माउली माझ्यासमोर बसून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती, की मार्क चांगले असूनही असे कसे झाले.

हे असे का होते ते नीट समजून घेतले पाहिजे. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे ज्याला आपण कॅप म्हणतो त्यात, संगणक गुणवत्ता यादीतील पहिल्या विद्यार्थ्यापासून सुरुवात करतो. प्रत्येकाची पसंतीची यादी तो वरून खाली वाचतो आणि त्या विद्यार्थ्याच्या प्रवर्गात जिथे पहिली रिकामी जागा सापडेल ती देऊन थांबतो. याचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे आवाक्याबाहेरचे वाटणारे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिल्याने कोणाचेही नुकसान होत नाही, कारण ते मिळाले नाही तर संगणक दुसऱ्या क्रमांकावर जातो आणि तिथे तुमचा हक्क तेवढाच शाबूत असतो. ‘वरच्या जागा लिहून पसंती वाया घालवू नका’ हा सल्ला शेकडो पालकांनी ऐकलेला असतो आणि तो चुकीचा आहे. दुसरे म्हणजे जे तुम्हाला कमी हवे आहे ते वर लिहिलेत तर ते मिळण्याचा धोका खरा असतो, आणि एकदा ते मिळाले की संगणक खाली पाहतच नाही.

२०२५-२६ च्या अभियांत्रिकी प्रवेशात चार फेऱ्या होत्या आणि नियम आणखी कडक होते. पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणतीही आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणतीही पसंती मिळाली, तर ती जागा आपोआप कायम होत होती. यंदाची नियमपुस्तिका राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या संकेतस्थळावर आली की हे आकडे प्रत्येकाने स्वतः वाचून घ्यावेत. आकडे बदलले तरी यादी कशी लावायची ते बदलत नाही. यादी कटऑफप्रमाणे लावू नये, शेजाऱ्यांच्या मुलाप्रमाणे लावू नये, तर ज्या क्रमाने त्या जागा मनापासून हव्या आहेत त्याच क्रमाने लावावी.

मग कटऑफचा उपयोग काय, असे पालक विचारतात. उपयोग आहे, पण तो यादीच्या तळासाठी. वरचा भाग मनाप्रमाणे लावून झाल्यावर मागील दोन-तीन वर्षांचे फेरीनिहाय कटऑफ उघडावेत आणि आपल्या गुणांना जवळजवळ नक्की मिळतील अशा किमान काही जागा यादीच्या शेवटी आहेत का, एवढे पाहावे. पहिल्या फेरीचा कटऑफ आणि शेवटच्या फेरीचा कटऑफ यांत बराच फरक असू शकतो, म्हणून कोणत्या फेरीचा आकडा आपण पाहतो आहोत ते तपासावे. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात आणि त्यांचे कटऑफ वेगळे छापलेले असतात. मुलीचा अर्ज भरताना केवळ सर्वसाधारण रकाना पाहून एखादे महाविद्यालय गाळून टाकलेले मी पाहिले आहे. शेवटच्या क्रमांकावरही जिथे जायचेच नाही अशी जागा लिहू नये. लिहिलेली प्रत्येक जागा म्हणजे ‘ही मिळाली तर मी जाईन’ असे दिलेले वचनच आहे.

यादीत काय कशाच्या वर येते हे मात्र संगणक सांगणार नाही, त्यासाठी घरात बसून बोलावे लागते, आणि ते बोलणे निकालानंतरच्या गडबडीत होत नाही. मी मुलांना एक साधे काम देतो. ज्या शाखेचे नाव तुम्ही घेता तिच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून काढा आणि विषयांची नावे वाचा. पहिले वर्ष सर्वांचे बरेचसे सारखे असते, शाखेचा खरा चेहरा दुसऱ्या वर्षात दिसतो. एका मुलीने असे वाचल्यावर स्वतःच येऊन मला सांगितले की तिला संगणक अभियांत्रिकीपेक्षा सांख्यिकी अधिक आवडेल. असे वाचायला दोन संध्याकाळी पुरतात आणि न वाचता घेतलेला निर्णय चार वर्षे सोबत राहतो.

दुसरे, पैशांचा हिशेब कागदावर मांडावा. खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते त्याच्या संकेतस्थळावर महाविद्यालयनिहाय पाहता येते, त्यामुळे ऐकीव आकड्यांवर विसंबण्याचे कारण नाही. त्यात वसतिगृह, खाणावळ आणि प्रवास मिळवावा. नाशिकची मुले पुण्याला गेली की दोन-तीन महिन्यांनी घरी येतात, आणि राहण्याखाण्याचा खर्च अनेकदा शिक्षणशुल्काच्या बरोबरीने जातो. पुण्यातले चांगले महाविद्यालय आणि नाशिकमधले चांगले महाविद्यालय यांत निवड करताना हा आकडा समोर असलाच पाहिजे. तो पाहूनही पुण्याला जावेसे वाटले तर खुशाल जावे.

वैद्यकीयसाठी थोडेसेच लिहितो. आपल्या म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ असल्यामुळे पुष्कळ पालकांचा असा समज होतो की प्रवेश तिथून मिळतो. ते विद्यापीठ राज्यभरातील आरोग्यविज्ञान महाविद्यालयांना संलग्नता देते आणि परीक्षा घेते. राज्याच्या वाट्याच्या जागांवरील प्रवेश नीटच्या गुणांवर आणि सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फतच होतात.

आपापले अनुभव लिहावेत. ज्यांच्या घरात यंदा बारावी आहे त्यांनी निःसंकोच विचारावे.

सिन्नरची_आई

सर, आपण हा धागा वेळेवर काढलात. यादीचे आपण लिहिलेच आहे, मी कागदपत्रांविषयी लिहिते, कारण आमच्या घरात त्याच एका गोष्टीने झोप उडवली होती.

आमची मुलगी इतर मागास प्रवर्गातून अर्ज करणार होती. जातीचा दाखला तिच्या दहावीतच काढून ठेवलेला होता, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. बारावीच्या दिवाळीनंतर कळले की जात वैधता प्रमाणपत्र वेगळे असते आणि त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो. (अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० आणि विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आहे.) माझे सासरे शाळेत गेलेले नव्हते. चुलत सासऱ्यांचा शाळेचा दाखला मिळाला, पण त्यावर पणजोबांचे नाव ‘कोंडाजी’ होते आणि आमच्या सातबाऱ्यावर ‘कोंडीराम’. दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत हे दाखवण्यासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुन्या जन्ममृत्यू नोंदवहीचा, म्हणजे ज्याला गावात कोतवाल बुक म्हणतात त्याचा उतारा काढावा लागला, वंशावळ लिहून प्रतिज्ञापत्र करावे लागले. माझ्या यजमानांनी या कामासाठी कांद्याच्या लागवडीच्या दिवसांत किती खेपा घातल्या ते मी मोजले नाही. प्रकरण महाविद्यालयामार्फत जात पडताळणी समितीकडे गेले आणि प्रवेशाच्या तोंडावर प्रमाणपत्र हातात पडले.

म्हणून माझे सर्व आयांना सांगणे आहे की हे काम मुले अकरावीत असतानाच हाती घ्यावे. विज्ञान शाखेच्या मुलांचे प्रस्ताव कनिष्ठ महाविद्यालयामार्फत पाठवता येतात, त्याची चौकशी वर्गशिक्षकांकडे करावी. जुना पुरावा वडिलांकडच्या नात्यातला लागतो. आजोबांच्या भावंडांपैकी, आत्यांपैकी कोण शाळेत गेले होते हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून ठेवावे, कारण ही माणसे आणि त्यांच्या आठवणी कायम राहत नाहीत.

नॉन क्रिमिलेयर प्रमाणपत्राचे, म्हणजे आपले कुटुंब उन्नत गटात मोडत नाही याच्या दाखल्याचे, वेगळेच आहे. ते लवकर काढले तर मुदत संपते आणि उशिरा काढले तर मिळत नाही. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असावे लागते, म्हणजे २०२६-२७ च्या प्रवेशासाठी ३१ मार्च २०२७ पर्यंत. त्याला तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो. जूनमध्ये सेतू केंद्रापुढच्या रांगा पाहिल्या की जीव दडपतो. एप्रिलमध्ये नवे आर्थिक वर्ष सुरू होताच अर्ज करावा. ज्यांची मुले जेईईमार्फत आयआयटी किंवा एनआयटीसाठी प्रयत्न करणार आहेत त्यांना केंद्राच्या नमुन्यातले वेगळे प्रमाणपत्र लागते, राज्याचे तिथे चालत नाही. दोन्ही एकदमच काढावीत.

आणखी एक. राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये निर्णय घेतला की आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षणशुल्कात आणि परीक्षाशुल्कात शंभर टक्के सवलत मिळेल. आमच्या मुलीला ती मिळाली. पण त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो, महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज दर वर्षी करावा लागतो आणि मुलीच्या बँक खात्याला आधार जोडलेले असावे लागते. तिच्या वर्गातल्या एका मुलीचा अर्ज केवळ आधारवरच्या आणि गुणपत्रिकेवरच्या नावातील फरकामुळे अडकला होता. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला या तिन्ही कागदांवरील नाव अक्षर न् अक्षर जुळते का, ते आज रात्रीच पाहा.

जेलरोड_बारावी

सर आणि ताई, मी यंदा बारावीला आहे, गट पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित). घरी सगळे म्हणतात की संगणक शाखाच घ्यायची, मग महाविद्यालय कोणतेही असो. माझे वडील अंबडला सीएनसी मशीनवर काम करतात आणि लहानपणापासून मी त्यांच्याबरोबर कारखान्यात जात आलो आहे. मला मेकॅनिकल आवडते, पण त्यात नोकऱ्या नाहीत असे क्लासमधले सगळे सांगतात. वडील काहीच बोलत नाहीत. मी यादीत काय वर लिहावे?

अंबड_अभियंता

बाळा, मी अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत मिळून बावीस वर्षे टूलरूम आणि उत्पादन विभागांत काम केले आहे, म्हणून तुला जबाबदारीने उत्तर देतो.

‘मेकॅनिकलमध्ये नोकऱ्या नाहीत’ हे वाक्य अर्धवट आहे. पहिल्या नोकरीचा पगार संगणक शाखेच्या चांगल्या मुलांपेक्षा साधारणपणे कमी असतो आणि पहिली तीन-चार वर्षे पाळीत, तेलात आणि आवाजात काढावी लागतात. हे तुझ्यापासून लपवणे योग्य होणार नाही. दुसरीकडे, सातपूर, अंबड, सिन्नरच्या वसाहती आणि ओझरचा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना यांच्या आधाराने वाढलेल्या या शहरात ज्याला ड्रॉइंग वाचता येते, डाय किंवा फिक्स्चरचा विचार करता येतो आणि त्याबरोबर थोडे प्रोग्रामिंग येते, असा मुलगा मुलाखतीला आला की आम्ही त्याला परत जाऊ देत नाही. असे उमेदवार फार थोडे येतात. आमच्याकडे येणाऱ्या पदवीधरांपैकी अनेकांनी मेकॅनिकल ही शाखा संगणक मिळाला नाही म्हणून घेतलेली असते आणि ते दहा मिनिटांत कळते. तू ती आवडीने घेणार असशील तर तुझी सुरुवातच वेगळी असेल.

तुझे वडील गप्प आहेत, त्याचे कारण मी ओळखू शकतो. आपण ज्या मशीनपुढे उभे राहून पाय दुखवून घेतले, तिथे मुलाने उभे राहू नये असे प्रत्येक कामगाराला वाटते. त्यांना जवळ बसवून सांग की तुला मशीन चालवायचे नाही, ते बनवायचे आहे. त्यांना हा फरक माझ्यापेक्षाही चांगला समजेल.

हा धागा दहावीतली मुलेही वाचत असतील, म्हणून पदविकेचा रस्ता सांगतो. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका आणि त्यानंतर थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश, हा मार्ग आज पालक कमीपणाचा मानतात. सामनगाव रस्त्यावरच्या आपल्या शासकीय तंत्रनिकेतनातून गेलेली मुले माझ्याबरोबर काम करतात. हातात फाइल आणि व्हर्नियर धरून शिकलेली ही मुले पदवीच्या वर्गात गेल्यावर प्रात्यक्षिकांत इतरांपेक्षा पुढे असतात, गणितात मात्र त्यांना जोर लावावा लागतो. शासकीय शुल्क कमी, तीन वर्षांनी हातात नोकरीची सोय आणि पुढे पदवीचा दरवाजा उघडा, हे ज्या घरात पैशांची ओढाताण आहे त्यांनी गंभीरपणे विचारात घ्यावे.

गोदातीर (धागाकर्ता)

जेलरोड_बारावी, अभियंता साहेबांनी शाखेविषयी जे लिहिले आहे त्यात मला काही मिळवायचे नाही. ‘शाखा की महाविद्यालय’ या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. ज्या मुलाला शाखेची आवड ठामपणे माहीत आहे त्याने शाखा धरून ठेवावी आणि महाविद्यालये वरून खाली लावावीत. ज्याला आवड अजून कळलेली नाही त्याने चांगले शिक्षक, चालू अवस्थेतील प्रयोगशाळा आणि अभ्यास करणारी मुले जिथे आहेत ते महाविद्यालय धरावे. तू पहिल्या गटातला दिसतोस.

महाविद्यालय चांगले आहे की नाही हे जाहिरातीवरून ठरवू नकोस. मे महिन्यात एखादा दिवस काढून प्रत्यक्ष जा. अमृतधामपासून आडगावपर्यंतच्या आणि गंगापूर रस्त्यावरच्या महाविद्यालयांत तुला सिटी बसने जाता येईल. कार्यशाळेतील यंत्रे वापरात आहेत की त्यांवर धूळ आहे ते पाहा. तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना बाहेर चहाच्या टपरीवर गाठून विचार की शिक्षक टिकतात का, प्रात्यक्षिके खरोखर होतात का आणि गेल्या वर्षी त्यांच्या शाखेतल्या किती जणांना कुठे नोकरी लागली. सर्वाधिक पगाराचा आकडा विचारू नकोस, तो एकाच मुलाचा असतो. वर्गातल्या मधल्या मुलाला काय मिळाले ते विचार.

आता परीक्षेविषयी दोन शब्द, कारण यादी कितीही चांगली असली तरी आधी गुण लागतात. राज्याच्या सीईटीत पीसीएम गटाच्या २०० गुणांपैकी १०० गुण एकट्या गणिताला आहेत, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात. एकही प्रश्न रिकामा सोडू नकोस. बोर्डाच्या परीक्षेकडे दुर्लक्ष करणारी मुलेही मला दर वर्षी भेटतात. अभियांत्रिकीची गुणवत्ता सीईटीवर ठरते हे खरे, पण पात्रतेसाठी बारावीत संबंधित विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतातच, आणि विज्ञान, वाणिज्य व कला शाखांच्या बहुतेक महाविद्यालयांचे दरवाजे बोर्डाच्याच गुणांवर उघडतात. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हेही घरी समजावून सांग. ९० पर्सेंटाइल म्हणजे तुझ्या सत्रात परीक्षा दिलेल्यांपैकी ९० टक्के मुलांचे गुण तुझ्याइतके किंवा तुझ्यापेक्षा कमी आहेत, एवढेच त्यातून कळते.

रसायनी_नाशिकरोड

सर्व चर्चा अभियांत्रिकीभोवती फिरते आहे, म्हणून मूलभूत विज्ञानाच्या बाजूने लिहिते. मी नाशिकमध्येच रसायनशास्त्रात बी.एस्सी. केले, पुढे पुण्यात संशोधन केले आणि आता औषधनिर्मितीच्या क्षेत्रात काम करते. बारावीत चांगले गुण असताना बी.एस्सी. घेतली म्हणून माझ्या आईला नातेवाइकांनी ऐकवलेले शब्द मी विसरलेले नाही.

ज्यांना विज्ञानच शिकायचे आहे त्यांच्यापैकी अनेकांची संधी गुणांअभावी जात नाही, अर्जाची तारीख उलटून गेल्यामुळे जाते. पुण्यातील आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आणि तिच्या भगिनीसंस्था यांच्यासाठी आयसर अभियोग्यता चाचणी द्यावी लागते. भुवनेश्वरच्या नायसर या तशाच संस्थेसाठी नेस्ट ही परीक्षा आहे, भारतीय सांख्यिकी संस्थेची स्वतंत्र परीक्षा आहे आणि केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी आहे. यांपैकी बहुतेकांचे अर्ज बारावीचा निकाल लागण्याआधीच भरून बंद होतात. निकाल पाहून विचार करू असे म्हणणाऱ्या मुलासमोर जूनमध्ये यांतला एकही पर्याय उरलेला नसतो. जानेवारीत एका वहीत या सर्व परीक्षांची नावे लिहून ठेवावीत आणि दर रविवारी त्यांची अधिकृत संकेतस्थळे उघडून तारखा टिपाव्यात. बीबीए आणि बीसीए या अभ्यासक्रमांसाठीही २०२४ पासून राज्याची स्वतंत्र सीईटी सुरू झाली. पहिल्या वर्षी वाणिज्य शाखेच्या कितीतरी मुलांना ती वेळेवर कळलीच नाही.

नाशिकमध्ये राहून बी.एस्सी. करणे हाही मानाचाच मार्ग आहे. आपल्या शहरात १९२४ पासून महाविद्यालयीन शिक्षण चालू आहे. एचपीटी-आरवायके आणि केटीएचएम यांसारख्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून गेलेली माणसे आज देशभर काम करीत आहेत. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी तीन किंवा चार वर्षांची करता येते आणि मुख्य विषयाबरोबर दुसरा गौण विषय घेता येतो. रसायनशास्त्राबरोबर गौण विषय कोणता मिळणार हे प्रवेशाआधी विचारून घ्या, कारण प्रत्येक महाविद्यालयात सगळ्या जोड्या उपलब्ध नसतात.

आडगाव_नाका

मी पालक आहे, मुलीचा प्रवेश या वर्षी आहे. मला एका गृहस्थांचा फोन आला होता. ते म्हणतात की आत्ताच काही रक्कम रोख दिली तर एका महाविद्यालयात व्यवस्थापन कोट्यातून संगणक शाखेची जागा राखून ठेवतो, नंतर रक्कम वाढेल. मुलीला ताण नको म्हणून द्यावे असे मनात येते. काय करावे?

गोदातीर (धागाकर्ता)

कृपया देऊ नका. शिक्षणसंस्थांनी ठरलेल्या शुल्काव्यतिरिक्त अशी रक्कम घेण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे, आणि रोख दिलेल्या पैशांची पावती नसल्यामुळे उद्या तो माणूस फोन उचलेनासा झाला तर तुमच्या हातात काहीच राहत नाही. व्यवस्थापन कोट्याच्या, म्हणजे संस्थास्तरावरील जागांसाठीही अर्ज मागवावे लागतात आणि गुणवत्तेप्रमाणे यादी लावावी लागते. त्या जागांसाठी थेट महाविद्यालयात अर्ज करा, पोच घ्या आणि शुल्क महाविद्यालयाच्या खात्यातच भरा.

तुमच्यासारख्या मायेने विचार करणाऱ्या पालकांना मी आणखी एक सांगू इच्छितो. सिन्नरच्या ताईंनी ज्या सवलतीचा उल्लेख केला ती केंद्रीभूत फेरीतून मिळालेल्या जागेला आहे. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतलीत तर रोख दिलेली रक्कमही जाईल आणि मुलगी त्या सवलतीला पात्र असली तर चार वर्षांची सवलतही जाईल. सीईटी होऊ द्या. मुलीला तिची यादी स्वतः लिहू द्या आणि तिच्याशेजारी बसून राहा. तिचा ताण तेवढ्याने पुष्कळ कमी होईल.

जेलरोड_बारावी

सर, काका, ताई, मनापासून आभार. काल रात्री वडिलांशी बोललो. ते म्हणाले की मेकॅनिकल घे, पण आधी सुट्टीत महिनाभर माझ्याबरोबर कारखान्यात ये आणि मग सांग. मी जाणार आहे.

एक शंका राहिली आहे. आमचे उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे आणि आम्ही खुल्या प्रवर्गात आहोत. शिक्षणशुल्क माफीच्या ज्या वेगळ्या जागा असतात, त्या यादीत कुठे लिहायच्या?

गोदातीर (धागाकर्ता)

त्या जागांना टीएफडब्ल्यूएस म्हणतात. प्रत्येक शाखेत मंजूर संख्येच्या वर ५ टक्के जागा असतात आणि कोणत्याही प्रवर्गातील, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलांना गुणवत्तेवर मिळतात. त्यांचा पसंती संकेतांक वेगळा असतो आणि त्याच्या शेवटी ‘टी’ हे अक्षर असते, त्यामुळे एकाच महाविद्यालयातील एकाच शाखेसाठी तुला दोन ओळी लिहाव्या लागतील. आधी ‘टी’ची ओळ आणि लगेच खाली साधी ओळ. हा क्रम उलटा झाला तर शुल्कमाफीची जागा मिळण्यासारखी असूनही संगणक तुला साधी जागा देऊन थांबेल. या जागांचा कटऑफ बहुधा जास्त असतो, पण वर लिहिल्याने काही जात नाही हे तू आता जाणतोस. एक अट मात्र नीट वाच. या जागेवर प्रवेश घेतल्यावर पुढे शाखा किंवा महाविद्यालय बदलता येत नाही.

ती जागा मिळाली नाही तरी साध्या जागेवर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मे शिक्षणशुल्क मिळू शकते. ती जागाही केंद्रीभूत फेरीतूनच मिळालेली असावी. वडिलांना सांग की एप्रिलमध्ये तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. दोन्हींसाठी तोच लागेल. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या निकषांत तुम्ही बसता का, तेही त्याच खेपेत सेतू केंद्रात विचारून घ्या, कारण त्याचे प्रमाणपत्र वेगळे काढावे लागते.

कारखान्यातला महिना झाला की पहिली यादी पेन्सिलीने कागदावर लिही आणि ती घेऊन एखाद्या रविवारी सकाळी ये. वडिलांनाही सोबत आण.